केळीच्या घडास आच्छादन

परभणीहून परळीस जाणाऱ्या लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. या भागात काळी कसदार जमीन, पाण्याचा चांगला निचरा व बारमाही पाणी यांचा मेळ जेथे बसतो, तेथे केळीची बाग उभी करता येते. परंतु बाग चांगली येणे व मालास चांगला भाव मिळणे या दोन निराळ्या गोष्टी होत. वर्षभर पोसलेला घड विक्रीस येतो, तेव्हा सालीवरील डाग, ओरखडे व उन्हाचे चट्टे पाहून त्याची प्रत ठरते. आतील गर उत्तम असूनही डागी फळ हलक्या प्रतीत जाते. हे नुकसान टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे घडास आच्छादन घालणे हा होय.

आच्छादनाचे फायदे

वाऱ्याने हलणारी पाने कोवळ्या फळांवर घासतात व त्या जागी पुढे काळे ओरखडे उमटतात. फुलकिडे साल खरवडतात, धूळ बसते व प्रखर उन्हाने वरच्या फण्या करपतात. आच्छादनामुळे या सर्वांपासून संरक्षण मिळते. तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास सालीतील चीक गोठून ती काळवंडते व पिकल्यावर फळास चांगला रंग येत नाही. मराठवाड्यातील थंडीत हा धोका असतो. आच्छादनाच्या आत ऊब राहत असल्याने फळे चांगली भरतात व घड काही दिवस लवकर तयार होतो.

केव्हा व कसे झाकावे

घड पूर्ण निसवून शेवटची फणी उघडली म्हणजे केळफूल कापून टाकावे. टोकाच्या एक-दोन लहान, अपुऱ्या फण्याही काढाव्यात. फळांच्या टोकांची वाळलेली फुले हलक्या हाताने वेचावीत. नंतर घडावर कीड आहे किंवा नाही हे बारकाईने पाहावे. किडीसह झाकलेला घड म्हणजे चोरास घरात ठेवून दाराला कडी घालण्यासारखेच आहे. म्हणून आवश्यक तर कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने प्रथम औषध फवारावे.

पिशवी सुमारे ७५ सें. मी. रुंद व १०० सें. मी. लांब, पातळ पारदर्शक पॉलिथिनची व छिद्रे पाडलेली घ्यावी. घड मोठा असल्यास तिची लांबी वाढवावी. पिशवी खालून वर चढवून पहिल्या फणीच्या वर दांड्यास सैलसर बांधावी. खालचे तोंड उघडे ठेवावे व ते शेवटच्या फणीखाली सुमारे १५ सें. मी. लोंबू द्यावे. बांधताना त्या आठवड्याच्या रंगाची फीत लावल्यास कोणता घड केव्हा कापणीस येईल, हे ओळखणे सोपे जाते.

ऋतुमानाप्रमाणे दक्षता

थंडीत पिशवीच्या पृष्ठभागाच्या सुमारे २ टक्के छिद्रे पुरेशी होतात. उन्हाळ्यात ती ४ टक्क्यांपर्यंत असावीत. परभणीच्या उन्हाळ्यात बिनछिद्रांच्या पिशवीत घड अक्षरशः शिजून निघतो. अशा वेळी दांडा व वरच्या फण्या प्रथम केळीच्या वाळलेल्या पानांनी झाकाव्यात. वाळलेल्या पानांनी घड झाकण्याची ही जुनी रीत पिशवी न मिळाल्यासही उपयोगी पडते. हवा खेळती ठेवणाऱ्या, न विणलेल्या कापडी पिशव्याही आता मिळतात. पावसाळ्यात पिशवीत पाणी साचून फळे कुजू नयेत, म्हणून अधूनमधून पाहणी करावी.

पिशवी हे खत व पाण्याची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानी ठेवावे. अशक्त झाडाचा घड झाकल्याने तो भारी होत नाही. घडाच्या वजनाने झाड कलू नये म्हणून टेकूही द्यावा.

प्रथम प्रयोग करावा

संपूर्ण बागेस एकदम खर्च करण्याचे कारण नाही. एकाच आठवड्यात निसवलेले २० घड निवडून १० झाकावेत व १० उघडे ठेवावेत. कापणीच्या वेळी वजन, डागी फळे व मिळालेला भाव यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. पिशवी व मजुरी यांचा खर्च वजा जाता काय उरते, हे त्यावरून स्वतःच्याच वहीत दिसून येईल. कापणीनंतर पिशव्या शेतात टाकू नयेत वा जाळू नयेत. चांगल्या पिशव्या धुऊन पुन्हा वापराव्यात व फाटक्या गोळा करून पुनर्वापरासाठी द्याव्यात. अधिक माहितीसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी किंवा त्याच्या नांदेड येथील केळी संशोधन केंद्राशी संपर्क साधावा.