थंडीचे भाकित आणि गव्हाची पेर

दसरा उलटला की यंदा थंडी किती पडणार, ही चर्चा चावडीवर सुरू होते. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड झाले, म्हणजे ‘ला नीना’ आली, की कडाक्याची थंडी ठरलेलीच, असे हौशी मंडळी सांगतात. तथापि सन २०२२-२३ च्या हिवाळ्यात ला नीना असूनही, सरासरी कमाल तापमान पाहता, २०२३ चा फेब्रुवारी भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला.

ला नीना हे अनेक कारणांपैकी एक होय. शिवाय दीर्घ मुदतीचे भाकित म्हणजे संपूर्ण ऋतूच्या सरासरीविषयीची संभाव्यता. अमुक आठवड्याची थंडी वा ऊन त्यातून कळत नाही. म्हणून थंडीच्या भरवशावर पेर लांबवू नये. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी दाणा भरतो; उशिराच्या गव्हाचा दाणा उष्णतेने चिरमटतो. पुढील पाण्याच्या पाळ्या मात्र हवामानखात्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज पाहून ठरवाव्यात.

शेतकरी बंधूंनी रोजचे किमान व कमाल तापमान वहीत टिपून ठेवावे. दहा हिवाळ्यांची अशी वही चावडीवरील पैजांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.