तो तयार नसला तरी तुम्ही या

आई-बाबांनो, आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात तुमचा फोन येतो तेव्हा बहुतेकदा दोनच गोष्टी कानावर पडतात. "आमचं काय चुकलं?" आणि "तो यायलाच तयार नाही."

पहिल्या प्रश्नात अडकू नका. व्यसन हा आजार आहे आणि तो चांगल्या संस्कारांच्या घरातही शिरतो. खरं बोलायचं आहे ते दुसऱ्याबद्दल.

मुलगा सोमवारी उठत नाही, तेव्हा त्याच्या साहेबांना "ताप आहे" असं कोण कळवतं? बाबा. टपरीवरची उधारी गुपचूप कोण भागवतं? बाबाच. आणि "आज शेवटचं" म्हणून तो हात पसरतो, तेव्हा आई डाळीच्या डब्यातली नोट काढून देते. सगळं मायेपोटी, पण त्यामुळे पिण्याची झळ तुम्हांला बसते आणि तो नामानिराळा राहतो. त्याला जेवायला वाढा, रोख पैसे देऊ नका. त्याच्यासाठी खोटं बोलू नका. नशेत असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर आला की मोजकं बोला आणि बोललात त्यावर ठाम राहा.

दोन गोष्टी मात्र चुकूनही करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. फिट येते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. आणि एसटी स्टँडवरच्या पोस्टरातली, "जेवणातून नकळत द्या" म्हणणारी पावडर घरात आणू नका.

उपचारांच्या खर्चाची धास्ती असेल, तर सेवाभावी संस्था त्यासाठीच आहेत. गर्दच्या व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथल्या उपचारांची घडी बसवली. तिथले निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. कुठल्याही केंद्रात फीमध्ये सवलत मिळेल का, हे न लाजता विचारा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मिटिंगला फी नसते; घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या मिटिंगा असतात. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक फिरवा.

मुलगा गर्द किंवा एमडीसारखा अमली पदार्थ घेत असेल तर पोलिसांची भीती वाटते. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वकिलाकडून समजून घ्या. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेते, तेव्हा हे कलम तिला खटल्यापासून संरक्षण देतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

उपचार घेऊन आलेला मुलगा पुन्हा घसरू शकतो. त्या दिवशी "पैसे पाण्यात गेले" म्हणू नका. त्याच दिवशी केंद्राला फोन करा. पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे.

आता राहिलं त्याचं तयार नसणं. आमच्याकडे मुलाला न घेता आलेले आई-बाबा पालकांच्या मिटिंगला नेहमी बसलेले असतात. सुरुवातीला ते रडतात, मग दुसऱ्याचं ऐकतात आणि हळूहळू "नाही" म्हणायला शिकतात. घरातून पैसे आणि पांघरूण दोन्ही बंद झालं की कित्येक मुलं स्वतःच विचारतात, "तुम्ही दोघं जाता तरी कुठे?" तेव्हा पत्ता सांगा.