दत्तक : संगोपनाने जडणारे नाते

पूर्वी दत्तकविधान होई ते मुख्यतः वंश व वारसा यांसाठी. म्हणून बहुधा भाऊबंदांतलाच मुलगा घेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी ही चाकोरी मोडली. १८६३ साली त्यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नामक निराधार ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ च्या सुमारास पदरात घेतला. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आईने रोग्यांची शुश्रूषा आरंभिली, तेव्हा तिच्या साहाय्यास तोच आला. त्या सेवेतच सावित्रीबाईंनी देह ठेविला.

१९५६ च्या कायद्याने हिंदू कुटुंबांना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आता बालन्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्यास मूल दत्तक घेता येते. आदेश जिल्हाधिकारी देतात. मावल्याच्या कुटुंबास तो आदिलाबादेहून मिळू शकेल. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची विचारपूस होते. कारण आदेशाने नाते जुळते, पण रुजते ते रोजच्या सहवासाने. मूल घराला सरावते, तसे घरही मुलाला सरावते, दोघेही वाढतात.

म्हणून अशा सोबत्यास ‘तुझे खरे आईबाप कोण?’ असे कधी विचारू नये. ते त्याच्या घरीच असतात.