ताईंचंही शिकणं चालू राहू द्या

पालकहो,

सकाळी शाळेच्या गेटवर तुम्ही लेकराचा हात ज्यांच्या हातात देता, त्या मदतनीस ताईंविषयी आज थोडं बोलायचं आहे. विशेष शाळेत शिकवायला लागल्यापासून मी पाहत आले आहे, आम्हा शिक्षकांशी मुलाचं नातं तासापुरतं असतं. दिवसभर सोबत असतात त्या ताई. शूला नेणं, डबा भरवणं, रडू आवरणं सगळं त्यांच्याकडे.

एका वर्षी जूनमध्ये आमच्याकडे नव्या ताई आल्या. अतिशय मायाळू. आठ वर्षांच्या एका मुलाचा डबा त्या स्वतः उघडायच्या, घास करून भरवायच्या. मुलगा खूश, आई निर्धास्त. दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या लक्षात आलं, की जूनमध्ये धडपडत का होईना डबा उघडणारा हा मुलगा आता हात मांडीवर ठेवून ताईंची वाट बघत बसतो. ताईंचा काय दोष? त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. मग आम्ही बसून दाखवलं. डब्याला चार खटके. तीन तुम्ही काढा, चौथा त्याच्यासाठी ठेवा. तो जमला की तिसराही ठेवा. आधी त्याच्या हाताला धरा, मग नुसता कोपराला आधार द्या, मग फक्त बोटाने दाखवा. मदत कशी करायची हे मायेने कळतं, ती कधी काढून घ्यायची हे शिकावं लागतं. पुढच्या संक्रांतीला त्याने चारही खटके काढले, तेव्हा सगळ्यात आधी ताईंचे डोळे भरून आले.

दुसरा प्रसंग फिटचा. वर्गात एका मुलीला झटका आला आणि कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल हुंगवायला. घरोघरी तेच पाहिलेलं असतं ना! झटका आलेल्या मुलाला दाबून धरायचं नाही, दातांत चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. 5 मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन. हे एकदा सांगून भागत नाही. दर काही महिन्यांनी प्रत्यक्ष करून घ्यावं लागतं, कारण घाईत माणूस जुनंच करतो.

शिवाय मुलं मोठी होतात. सात वर्षांच्या मुलीचे कपडे बदलणं वेगळं आणि तेराव्या वर्षी, पाळी सुरू झाल्यावर वेगळं. दार लावणं, तिला आधी विचारणं, तिच्या देखत दुसऱ्यांशी त्याविषयी न बोलणं, हे ताईंनी नव्याने शिकायचं असतं.

आम्हा विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती चालू ठेवायला वेळोवेळी प्रशिक्षण घ्यावंच लागतं. बहुतेक ताईंची अशी नोंदणी नसते, त्यामुळे तशी सक्तीही नाही. मला हे मनापासून खटकतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या 17 व्या कलमात समावेशक शिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं म्हटलं आहे, त्यामुळे ताईंच्या प्रशिक्षणाबद्दल तुम्ही विचारलंत तर ते आगाऊपणाचं मुळीच नाही.

तुमचाही यात वाटा आहे. पाणी हवं असताना तुमचं मूल कोणता आवाज काढतं, झटक्याआधी त्याची नजर कशी होते, हे कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत. जूनमध्ये अर्धा तास काढून ताईंजवळ बसा, सगळं सांगा. औषध बदललं तर त्याच दिवशी कळवा. आणि प्रशिक्षणासाठी शाळा एखाद्या शनिवारी लवकर सुटली, तर कृपा करून कुरकुर करू नका.

येत्या पालकसभेत बसची वेळ, स्नेहसंमेलन हे विषय निघतीलच. त्याआधी हात वर करून एवढं विचारा: आमच्या ताईंचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, आणि पुढचं कधी आहे?