जुन्या मोटारीतील वातानुकूलन : वाऱ्याची वाट आणि तिच्यातील बिघाड

जुन्या मोटारीचे वातानुकूलन नीट चालेनासे झाले, की बहुतेकांच्या तोंडी एकच निदान असते : गॅस संपला. मग गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि पुष्कळदा तक्रार जागच्या जागीच राहते. माझे म्हणणे असे, की या निदानात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. थंडी तयार होणे ही एक गोष्ट आणि ती वाऱ्याबरोबर योग्य जागी पोचणे ही दुसरी. पहिलीतील बिघाडाला यंत्रसामग्री आणि जाणता मेस्त्री हवा. दुसरीतील बिघाड मात्र पदार्थविज्ञानाचे शाळेतले ज्ञान, एक विजेरी आणि कागदाची एक पट्टी एवढ्यावर बव्हंशी शोधता येतात.

ही दुसरी बाजू सुरुवातीला मोटार बनवणाऱ्यांनाही अवघड गेली होती. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलमध्ये वातानुकूलन दिले, तेव्हा थंड करणारी कॉईल मागच्या सीटच्या पाठीमागे बसवली होती. थंडी बंद करायची तर गाडी थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टाच उतरवावा लागे. 1954 च्या नॅश अँबॅसडरमध्ये थंड आणि गरम हवेची सारी योजना गाडीच्या पुढील भागात एकत्र आली. आपल्या जुन्या गाड्यांत दिसते ती याच वंशातली रचना.

वाऱ्याची वाट

पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून बाहेरची हवा आत येते. पहिली झडप ठरवते, की हवा बाहेरची घ्यायची की गाडीतलीच पुन्हा फिरवायची. पुढे ब्लोअरचा पंखा. पंख्याने ढकललेली हवा कूलिंग कॉईलमधून जाते आणि तेथे थंड व कोरडी होते. त्यानंतर हीटरची कॉईल. तिच्यात इंजिनाचे गरम पाणी खेळते. किती हवा तिच्यावरून जाऊ द्यायची हे दुसरी झडप ठरवते. तिसरी झडप वारा तोंडाकडे, पायाकडे किंवा काचेकडे वळवते. बिघाड शोधताना याच क्रमाने चालावे.

पहिली कसोटी : थंडी तयार होते का?

इंजिन व एसी चालू ठेवून बॉनेट उघडावे. इंजिनाकडून गाडीच्या आत जाणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांपैकी जाड नळी हाताला गार लागली आणि तिच्यावर पाण्याचे थेंब दिसले, तर थंडी तयार होत आहे; दोष वाऱ्याच्या वाटेत शोधावा. नळी गार नसेल, तरच गॅस, कॉम्प्रेसर किंवा त्याची वायरिंग यांचा विचार. हे पाहताना शर्टाची बाही, ओढणी पट्ट्यापासून दूर असावी. रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो, हेही विसरू नये.

दुसरी कसोटी : वाऱ्याचा जोर

जाळीसमोर कागदाची पट्टी धरून ब्लोअरचे सर्व वेग एकेक करून पाहावेत. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावरच फिरत असेल, तर रेझिस्टर जळाला आहे असे बहुधा खात्रीने सांगता येते. कमी वेगांसाठी मोटरच्या एकसरीत विद्युत्‌रोध जोडलेला असतो. सर्वांत मोठ्या वेगाला तो वगळून वीज सरळ जाते. हा रेझिस्टर तापतो, म्हणून तो ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. वारा कोंडला किंवा मोटर जड फिरू लागली, की तो पुन्हा जळतो. तेव्हा नवा बसवताना जुना का जळाला हेही पाहिले पाहिजे.

पंखा मुळीच फिरत नसेल, तर फ्यूज, जोडण्या आणि मोटरचे कार्बन पाहावेत. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे डॅशबोर्डमागच्या वायरिंगलाच फ्यूज बनवणे होय. गाडीला आग लागण्याचा तो सरळ मार्ग आहे.

पंख्याचा आवाज मोठा आणि वारा मात्र क्षीण, याचा अर्थ वाट कोंडली आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेच्या पायथ्याच्या जाळीतून पाने आत जातात. अनेक जुन्या गाड्यांत हवेचा फिल्टर नसतो. मग धूळ ओल्या कॉईलवर बसून तिचा नमद्यासारखा थर होतो.

सुरुवातीला वारा चांगला आणि अर्ध्या तासाने नाहीसा होत असेल, तर कॉईलवर बर्फ धरतो आहे असे समजावे. एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालवावा. गाडीखाली भरपूर पाणी ठिबकून वारा परत आला, की निदान पक्के. कॉईल शून्य अंशाखाली जाऊ नये म्हणून कॉम्प्रेसर वेळीच तोडणारा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो, कॉईल मळलेली असते, किंवा गॅस खरोखरच कमी असतो.

तिसरी कसोटी : झडपा

पुष्कळ जुन्या गाड्यांत झडपा तारेच्या केबलने हलतात. केबलचे आवरण धरणारी क्लिप निसटली, की बटण फिरते, झडप हलत नाही. एकाने बटण फिरवावे आणि दुसऱ्याने डॅशबोर्डखाली विजेरी धरून तरफ हलते का ते पाहावे. दुरुस्ती कित्येकदा क्लिप बसवण्याइतकीच असते. काही गाड्यांत झडपांना छोट्या मोटरी असतात. डॅशबोर्डमागून टिकटिक आवाज आला, तर तिथल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात तुटले असण्याचा संभव फार. अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत झडपा इंजिनाच्या निर्वातावर चालतात. नळी गळकी असेल, तर चढावर निर्वात कमी होताच तोंडावरचा वारा काचेकडे पळतो.

सकाळी इंजिन गार असताना वारा थंड येतो, इंजिन तापल्यावर कोमट होतो आणि जाड नळी मात्र तेव्हाही गारच असते, असे घडत असेल तर दुसऱ्या झडपेवर संशय घ्यावा. तिच्या कडेचा स्पंज वयाने झडतो आणि हीटरवरची गरम हवा थंडीत मिसळते. जाळीतून काळे कण उडत असतील, तर तो याच स्पंजाचा चुरा असू शकतो.

प्रश्न केवळ सुखाचा नाही

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे पावसाळ्यात जाणाऱ्यांनी काचेकडे वळणाऱ्या वाऱ्याचा विचार आधी करावा. हवा दवबिंदूच्या खाली थंड झाली, की तिच्यातली वाफ पाणी होते. काच आतून धुरकटली असेल, तर कॉईलवर कोरडा झालेला वारा, शक्य तर थोडा गरम करून, काचेवर सोडला की ती निवळते. परंतु झडप काचेकडे अडकली आणि थंड वारा सतत तिच्यावर येत राहिला, तर काचच दवबिंदूखाली जाते आणि बाहेरून धुरकटते. आतून फडके फिरवून दिसेना म्हणून चालक गडबडतो. आतून बोट ओढावे. रेघ उमटली नाही, तर दव बाहेर आहे. अशा वेळी वायपर लावावा आणि काचेवरचा थंड वारा कमी करावा. वळणावर समोरचा ट्रक दिसणे एखाद्या क्लिपवर अवलंबून असते, ते असे.

वाफेचा आणखी एक हिशेब आहे. एक ग्रॅम हवा एक अंश थंड करायला सुमारे एक जूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम वाफेचे पाणी करायला सुमारे 2,400 जूल. म्हणून दमट दिवसांत त्याच यंत्राची थंडी कमी वाटते. ते पाणी गाडीखाली ठिबकले पाहिजे. डाव्या बाजूचे पायपुसणे ओले होऊन कुबट वास येत असेल, तर पाणी जाण्याची नळी तुंबली आहे का ते पाहावे.

गॅसबद्दल थोडेसे

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद वर्तुळात फिरतो. कमी झाला, तर गळला आहे. गळती न शोधता दरवर्षी भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला घातक असा आर-12 हळूहळू मागे पडला आणि मोटारींत आर-134ए आला. पण तोही वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट प्रभावी आहे. शिवाय दोन्ही गॅसांना तेल वेगवेगळे लागते, म्हणून जुन्या गाडीत वाटेल तो गॅस घालू नये. गॅसच्या नळ्या घरी कधीही उघडू नयेत.

विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. गॅरेजला जाण्यापूर्वी चार ओळी लिहून न्याव्यात : जाड नळी गार होती का, ब्लोअरचे कोणते वेग चालतात, वारा कोणत्या जाळीतून येतो आणि बिघाड किती वेळाने दिसतो. चांगल्या मेस्त्रीचे निम्मे काम त्याने हलके होते. आणि न पाहताच गॅस भरायला निघालेल्याला आधी या चार ओळींचे उत्तर द्यावे लागते.