मापात पाप नको : खाजगी वैमानिकाचा परवाना



पुण्याची मंडई आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली भाजीचे गाळे आणि गाळ्यागाळ्यावर काटा. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. आज आपण तिला महात्मा फुले मंडई म्हणतो. घाऊक माल आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो, पण मंडईतले किरकोळ विक्रीचे काटे अजून चालूच आहेत.

तुम्ही म्हणाल, पाठ विमानाचा आणि गोष्ट मंडईची कशी? तर ऐका. विमान चालवायला शिकणे म्हणजे बरेचसे माप करायला शिकणे. मंडईत मापात पाप केले तर गिऱ्हाईक पावशेराला फसते. विमानात केले तर जीव जातो. एवढाच फरक!

परवाना म्हणजे काय?

मोटार चालवायला परवाना लागतो, तसाच विमानालाही. स्वतःच्या हौसेसाठी किंवा कामासाठी लहान विमान चालवायचे, त्यातून भाडे किंवा पगार घ्यायचा नाही, अशा माणसाला खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. भाडे घेऊन उतारू न्यायचे तर व्यावसायिक परवाना वेगळा. त्याला २०० तासांचे उड्डाण लागते.

खाजगी परवान्यासाठी वय १७ वर्षे पूर्ण हवे आणि दहावी पास हवे. शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी मिळतो. डॉक्टरांची तपासणी असते. चष्मा असला तरी अडत नाही, मात्र चष्मा लावल्यावर नीट दिसले पाहिजे. हवाई नियम, दिशा व मार्ग, हवामान, आणि विमान व इंजिन या विषयांची परीक्षा असते. निदान ४० तास उड्डाण करावे लागते. त्यात ५ तास गावाहून गावाला एकट्याने जायचे असते. शेजारी गुरुजी नाहीत, बरं का!

आता मापे पाहू.

माप पहिले : वजन

शिकाऊ मुलांसाठी सेसना १५२ नावाचे दोन आसनांचे विमान पुष्कळ ठिकाणी वापरतात. सगळे मिळून ७५७ किलोपेक्षा जास्त वजन घेऊन ते उडवायचे नाही. रिकामे विमान ५२० किलो धरू. ७० किलोची दोन माणसे म्हणजे १४० किलो. टाकीत ९० लिटर पेट्रोल. विमानाचे पेट्रोल लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरते, म्हणजे ६५ किलो. बेरीज झाली ७२५ किलो. उरले फक्त ३२ किलो! एस.टी.च्या टपावर अजून एक पोते चढते, तसे इथे चालत नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी तर आणखी जपावे लागते. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. सकाळी सहज उडालेले विमान दुपारी धावपट्टीवर जास्त लांब पळते.

माप दुसरे : तोल

बैलगाडी भरताना दादा काय सांगतात? माल फार मागे टाकला तर गाडी उलाळते, फार पुढे टाकला तर बैलांच्या मानेवर जोखड दाबते. विमानाचेही तसेच. वजन मागे गेले की नाक वर उचलू लागते. नाक फार वर गेले की पंखावरून सरळ वाहणारी हवा विस्कटते, उचल तुटते आणि विमान खाली बसते. अशा वेळी घाबरून नाक आणखी वर ओढावेसे वाटते. पण उपाय उलटा आहे : नाक खाली करायचे, वेग येऊ द्यायचा, मग सावरायचे. हे शिक्षक पुरेशा उंचीवर नेऊन पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण जमिनीजवळ शिकायला सवड नसते.

माप तिसरे : वारा आणि दिशा

धान्य उफणताना आपण वारा पाहतो. वैमानिकही आधी वाराच पाहतो. धावपट्टीजवळ खांबाला कापडी पिशवी लावलेली असते, ती वारा कुठून येतो ते दाखवते. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडवतात आणि उतरवतातही तसेच. त्यामुळे कमी अंतर पळावे लागते.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ हा आकडा आहे. हे होकायंत्राचे अंश आहेत, शेवटचे शून्य सोडून. १० म्हणजे १०० अंश, २८ म्हणजे २८०. दोन टोकांत फरक १८० अंशांचा, म्हणजे अगदी उलट दिशा. गणित कसे जुळले पाहा!

माप चौथे : वेळ आणि इंधन

दोन गावांत ९० किलोमीटर अंतर आहे. विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर. वारा नसेल तर ३० मिनिटे लागतील. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर वेग १५० राहील आणि ३६ मिनिटे लागतील. येताना तोच वारा पाठीमागून मिळाला तर वेग २१०, वेळ सुमारे २६ मिनिटे. जाताना ६ मिनिटे गेली, येताना ४ च मिळाली. वारा घेतलेले सगळे परत देत नाही! म्हणून हिशोबापेक्षा जास्त इंधन ठेवायचे असते.

नुसते किती आहे ते पाहून भागत नाही, कसे आहे तेही पाहायचे. उडण्यापूर्वी वैमानिक टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढतो. पाणी जड असते, ते खाली बसते आणि लगेच दिसते. विहिरीवरच्या इंजिनात पाणी गेले तर मोटेचे दिवस आठवतात. आकाशात काय आठवेल?

आणि इंजिन बंदच पडले तर? तेही शिकवतात. शिक्षक इंजिनाचा जोर एकदम कमी करतात आणि विचारतात, "आता कुठे उतरशील?" विमान दगडासारखे पडत नाही. एक किलोमीटर उंचीवर असेल तर वारा नसताना तरंगत साधारण ८ ते ९ किलोमीटर जाते. तेवढ्यात शेत निवडायचे. नांगरलेले नको, ऊस उभा असलेले नको. विजेच्या तारा आणि बांध बघायचे. शेतकऱ्याच्या मुलाला हा धडा लवकर कळेल, नाही का?

माप पाचवे : स्वतःचे

हे सगळ्यात अवघड. झोप पुरी झाली आहे का? ताप तर नाही? घाटावर ढग उतरले आहेत का? नव्या वैमानिकाला डोळ्यांनी जमीन व क्षितिज दिसावे लागते. ढगात शिरले की कान आणि शरीर फसवतात, विमान वाकडे असून सरळ वाटते. सोबत बसलेला मित्र म्हणतो, "चल रे, एवढ्याने काय होतंय!" तेव्हा "आज नाही" म्हणता आले पाहिजे. ४० तासांत हे दोन शब्द शिकले नाहीत, तर बाकीचे शिकून उपयोग नाही.

कोणी शिकले?

श्री. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. पुढे १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याच मार्गाने त्यांनी पुन्हा विमान चालवत आणले.

मुलींनो, तुम्हीही ऐका. सरला ठकराल यांनी १९३६ साली, २१ व्या वर्षी, साडी नेसून लाहोरला एकटीने विमान उडवले. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिल्चर उतारूंचे विमान नेले. त्या विमानातल्या सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या.

पालकांसाठी दोन शब्द

खर्च लपवून उपयोग नाही, तेही माप खरे सांगायला हवे. उड्डाणाच्या एका तासालाच हजारो रुपये लागतात, म्हणून ४० तासांचा खर्च काही लाखांवर जातो. बारामती, धुळे आणि गोंदिया येथे विमान शिकवतात. सगळ्यांना ते परवडणार नाही. पण एन.सी.सी.चा हवाई विभाग आहे. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे निवड झाली तर शिक्षण सरकार करते, आणि २०२२ पासून तिथे मुलीही शिकतात. तेव्हा मूल म्हणाले, "मला विमान चालवायचंय," तर हसू नका. त्याला भाजीचा हिशोब करायला द्या. सुरुवात तिथूनच होते.

स्वाध्याय

१. वरच्या विमानात ८५ किलोची दोन माणसे आणि ९० लिटर पेट्रोल आहे. त्यांना मंडईतून घेतलेले १० किलो कांदे न्यायचे आहेत. नेता येतील का? एवढे पेट्रोल लागणारच असेल तर काय मागे ठेवाल?

२. धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आहे. दुसऱ्या टोकाला कोणता आकडा असेल?

३. करून पाहा : बाटलीत थोडे पाणी आणि थोडे गोडे तेल घालून हलवा. थोड्या वेळाने खाली काय बसले? वैमानिक टाकीच्या तळातूनच पेट्रोल का काढतो, ते वर्गात सांगा.