खचलेल्या शिक्षकासाठी : संत द ला साल यांच्या जीवनातील धडा



आपल्या धर्मग्रामात शाळेत शिकवणारे, घरी शिकवणी घेणारे आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे कितीतरी जण आहेत. ‘आता शिकवण्यात पूर्वीसारखे मन लागत नाही’, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले तर नवल वाटायला नको. मराठी शाळांचा पट घटतो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांची मुभा ठेवली. पण तेवढ्यासाठीही वर्ग सोडावा लागतो. त्यात पालकांच्या तक्रारी असतात आणि मुलांचे लक्ष मोबाइलकडे असते. अशा वेळी मन खचले म्हणजे आपले पाचारणच संपले काय?

पोप पायस बारावे यांनी १९५० साली ज्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्या संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे जीवन याचे उत्तर देते. त्यांचा जन्म १६५१ साली फ्रान्समधील रॅंस शहरात, एका सधन कुटुंबात झाला. गरिबांच्या शाळांतील शिक्षकांना त्यांनी स्वतःच्या घरी आणून ठेवले, तेव्हा नातेवाइकांना ते रुचले नाही. पुढे त्यांनी मानाचे पद सोडले, दुष्काळात आपली संपत्ती गोरगरिबांना वाटली आणि शिक्षक ब्रदरांचा संघ उभा केला. त्यांच्या शाळांत मुले लॅटिनऐवजी आपल्या फ्रेंच भाषेतून वाचायला शिकू लागली.

एवढे करूनही त्यांच्या वाट्याला निराशा आली. फी घेऊन लेखन शिकवणाऱ्या पॅरिसच्या शिक्षकांनी त्यांना कोर्टात खेचले. १७१२ साली दुसऱ्या एका खटल्याचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. ते दक्षिण फ्रान्समध्ये गेले, तर मार्सेय येथे सुरू केलेले प्रशिक्षण केंद्रही बंद पडले. आपल्यामुळेच कामात विघ्ने येतात, आपण दूर झालेले बरे, असे त्यांना वाटू लागले. शिक्षकांचे आश्रयदाते संतही असे खचले होते, हे आपण लक्षात ठेवू या.

मग ते सावरले कसे? त्यातून आपण तीन गोष्टी शिकू शकतो.

पहिली गोष्ट, ते एका वर्गाकडे वळले. ग्रनोबल येथे एका ब्रदरांना कामासाठी बाहेरगावी जावे लागले, तेव्हा संघाचे हे संस्थापक स्वतः लहान मुलांना शिकवू लागले. साऱ्या शिक्षणव्यवस्थेची चिंता एका माणसाला पेलत नाही. उद्या सकाळचा एक तास मात्र पेलतो. मागे पडलेल्या एका मुलाला आज एक उदाहरण समजले, तर तो दिवस वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट, त्यांनी विसावा घेतला. ग्रनोबलजवळच्या पार्मेनी टेकडीवर ते प्रार्थनेसाठी राहिले. एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवाने त्याला बोल लावला नाही. आधी झोपू दिले, खाऊ घातले आणि नंतरच पुढचे काम सांगितले (१ राजे १९). थकलेल्या शिक्षकाने विश्रांती घेणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट, त्यांना सोबत्यांनी परत बोलावले. १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिस परिसरातील प्रमुख ब्रदरांनी त्यांना पत्र लिहिले. संघाला तुमची गरज आहे, आज्ञापालनाच्या व्रताला स्मरून परत या, असा त्यांनी आदेशच दिला! ज्यांना त्यांनी घडवले, त्यांचा आदेश त्यांनी मानला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पॅरिसला परतले. १७१९ साली गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. आज त्यांच्या संघाचे कार्य सुमारे ८० देशांत चालते. ते पत्र आले नसते तर?

म्हणून शिक्षकांनो, मनातला थकवा एकट्याने वाहू नका. शाळेतल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याशी आठवड्यातून एकदा तरी मोकळेपणाने बोला. बाकीच्या आपण सर्वांनी मात्र ते ‘पत्र’ लिहायचे आहे. ‘बाई, तुम्ही शिकवलेले पाढे अजून आठवतात’, ‘सर, तुमच्यामुळे मुलगा शाळेत टिकला’, एवढे दोन शब्द पुरेत. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर पडते, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत. तरीही पेरणारा हात आखडत नाही. उगवलेले रोप त्याला दाखवणे हे आपले काम आहे.

मननासाठी प्रश्न :

१. मला घडवणाऱ्या कोणत्या शिक्षकाचे आभार मानायचे राहून गेले आहेत?

२. मुलांसमोर मी त्यांच्या शिक्षकांविषयी कसे बोलतो/बोलते?

३. मी शिक्षक असल्यास, या आठवड्यात कोणत्या एका मुलाकडे विशेष लक्ष देईन?